गुडघा नवा, मांडी जुनी

गुडघेबदलाच्या ऑपरेशनची जाहिरात हल्ली एकाच चित्रावर चालते. सकाळी ऑपरेशन झालेल्या आजी संध्याकाळी वॉकर धरून वॉर्डात चालताहेत, बाजूला हसरे डॉक्टर, खाली ठळक अक्षरांत 'चार तासांत पायावर!' हे चित्र खोटं नसतं. चांगल्या रुग्णालयात आज बहुतेक पेशंट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी चालतात, आणि ते त्यांच्या हिताचंच असतं. पण या चित्रामुळे एक समजूत पसरली आहे, की पहिल्या दिवशी चाललं म्हणजे बरं होण्याचं बरंचसं काम उरकलं. मग तिसऱ्या आठवड्यात त्याच आजी रात्री दोन वाजता पाय धरून बसतात, कमोडवरून उठायला कुणाचा तरी हात लागतो, आणि घरात दबक्या आवाजात चर्चा सुरू होते : ऑपरेशन बिघडलं की काय?

बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. पहिल्या दिवशीचं चालणं हे मुख्यतः भूलतज्ज्ञाचं यश असतं. पेशंटची स्वतःची ताकद परत येणं ही निराळी गोष्ट, आणि तिचं वेळापत्रकही निराळं.

गंमत म्हणजे, सांध्यापुरतं बोलायचं तर नवा गुडघा ऑपरेशन टेबलावरच तयार होतो. धातूचे भाग हाडाला बसवण्यासाठी वापरलं जाणारं बोन सिमेंट दहा-पंधरा मिनिटांत कडक होतं. जखमेचे टाके पूर्ण होण्याआधीच सांधा शरीराचं पूर्ण वजन पेलू शकतो. म्हणून तर डॉक्टर त्याच दिवशी पाय टेकायला सांगतात. 'एवढ्यात वजन टाकलं तर हलेल का?' ही घरच्यांची भीती साध्या, सिमेंटने बसवलेल्या गुडघ्याबाबत अनाठायी आहे. अडचण असते ती त्या सांध्याला हलवणाऱ्या मांडीची.

पण आधी चालण्याबद्दल. ऑपरेशननंतर झोपून राहावं, ही कल्पना फार जुनी आणि फार चिवट. जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधल्या रायटिंग्टन इथे १९६२ साली खुब्याच्या सांध्यासाठी पॉलिथिलीनची वाटी वापरायला सुरुवात केली आणि आधुनिक सांधेरोपणाचं युग सुरू झालं. पण त्या काळातले पेशंट कित्येक दिवस, बऱ्याचदा आठवडे, अंथरुणातच असत. खरं तर या विश्रांतीविरुद्धचा आवाज त्याहीआधी उठला होता. रिचर्ड ॲशर या लंडनच्या डॉक्टरांनी १९४७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अंथरुणात पडून राहण्याचे धोके एकेका अवयवागणिक मांडले होते : फुप्फुसात साठणारा कफ, पायातल्या शिरांत होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या, पाठीला पडणाऱ्या जखमा, आखडलेले सांधे, खचलेलं मन. लेख गाजला, वॉर्ड मात्र तसेच राहिले.

१९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवण्यात आलं आणि त्यांची श्रम करण्याची क्षमता मोजली गेली. तीस वर्षांनी, ते पन्नाशीत आल्यावर, त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तरुणपणी तीन आठवडे पडून राहिल्याने त्यांची क्षमता जितकी घसरली होती, तितकी ती पुढच्या तीस वर्षांच्या वयानेही घसरली नव्हती. सत्तरीच्या, आधीच दुखऱ्या गुडघ्यामुळे वर्षानुवर्षं कमी चाललेल्या माणसाला आठवडाभर 'आराम करा' म्हणणं किती महागात पडत असेल, याचा यावरून अंदाज करावा. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये वेगवेगळ्या आजारांत आणि उपचारांनंतर दिलेल्या सक्तीच्या विश्रांतीच्या ३९ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. उपचारांनंतरच्या विश्रांतीने ठळक फायदा झाल्याचं एकाही बाबतीत दिसलं नाही, काही बाबतींत उलट तोटाच झाला.

या सगळ्याला कामाचं रूप दिलं ते डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी. मूळचे ते पोटाचे सर्जन. पेशंट आज, या क्षणी, रुग्णालयात नेमका कशासाठी आहे, हा प्रश्न त्यांनी लावून धरला. दुखतंय म्हणून? चक्कर येते म्हणून? मळमळतंय म्हणून? नळी लावली आहे म्हणून? की फक्त 'आमच्याकडे असंच असतं' म्हणून? प्रत्येक कारण वेगळं काढायचं आणि त्याच्यावर वेगळा इलाज करायचा. १९९७ साली त्यांनी ही मांडणी प्रसिद्ध केली. आतड्याच्या ऑपरेशनांपासून निघालेला हा विचार पुढे कोपनहेगनजवळच्या व्हिडोव्र रुग्णालयात हेन्रिक हुस्टेड आणि सहकाऱ्यांनी खुबा-गुडघ्याच्या ऑपरेशनांना लावला. डेन्मार्कमध्ये २००० साली अशा ऑपरेशननंतर पेशंट सरासरी दहा-अकरा दिवस रुग्णालयात राहत. २००९ पर्यंत हा मुक्काम चार दिवसांवर आला, आणि नंतर आणखी उतरला. त्यासाठी कुठलंही नवं यंत्र लागलं नाही, लागली ती फक्त बारीकसारीक गोष्टींची शिस्त.

या शिस्तीचा पाया म्हणजे दुखणं आधीच आवरणं. सिडनीचे डेनिस कर आणि लॉरेन्स कोहान यांनी २००८ साली ३२५ पेशंटांचा अनुभव मांडला. ऑपरेशन चालू असतानाच सांध्याभोवतीच्या मांसात बधिरीकरणाचं आणि सूज उतरवण्याचं औषध भरपूर प्रमाणात टोचायचं. त्यांचे पेशंट पाच-सहा तासांत आधाराने चालले आणि ७१ टक्के जण एकच रात्र राहून घरी गेले. न्यूयॉर्कमध्ये चित्तरंजन रानावत यांनीही अशाच टोचणीचा आणि अनेक औषधं थोडी थोडी एकत्र वापरण्याच्या पद्धतीचा पाठपुरावा केला. मराठी वाचकांना हे नाव ओळखीचं असेल : पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींच्या गुडघ्यांची ऑपरेशनं मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांनीच केली, डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये. आपल्याकडच्या मध्यमवर्गाचा या ऑपरेशनवर विश्वास बसायला त्या बातम्यांनी जितकी मदत केली, तितकी दहा वैद्यकीय परिषदांनी केली नसेल, असं माझं मत.

मांडीच्या पुढच्या मोठ्या नसेला बधिर करण्याची जुनी पद्धत दुखणं छान थांबवायची, पण मांडीही लुळी करायची. पेशंट आत्मविश्वासाने उठायचा आणि गुडघ्यात मुडपून पडायचा. मग मांडीच्या आतल्या बाजूने, खालच्या अंगाला टोचणी द्यायची पद्धत आली. २०१३ साली डेन्मार्कमध्ये निरोगी तरुणांवर दोन्हींची तुलना झाली : जुन्या पद्धतीने मांडीची ताकद ४९ टक्क्यांनी घटली, नव्या पद्धतीने फक्त ८ टक्क्यांनी. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्सामिक ॲसिडनेही मोठं काम केलं. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी हे औषध शोधलं, तेही १९६२ सालीच, म्हणजे चार्नलींच्या वाटीच्याच वर्षी. सांधेरोपणात त्याचा सर्रास वापर व्हायला मात्र पुढे चार-पाच दशकं गेली. रक्त कमी गेलं की अशक्तपणा कमी, चक्कर कमी, आणि सांध्यात साठणारं रक्तही कमी. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

तर या साऱ्यामुळे आजी पहिल्या दिवशी चालतात. टोचणीचा अंमल एक-दोन दिवसांत उतरतो. सूज मात्र त्यानंतरही चढत राहते. आणि तिथून खरी गोष्ट सुरू होते.

मांडीच्या पुढच्या बाजूला चार भागांचा एक जाडजूड स्नायू असतो, फिजिओथेरपिस्ट त्याला 'क्वाड्स' म्हणतात. खुर्चीतून उठणं, जिना चढणं, उतरताना शरीराला झेलत खाली आणणं, चालताना गुडघा मुडपू न देणं, ही सगळी त्याची कामं. व्हिडोव्रच्याच संशोधकांनी २०१० साली मोजलं, तर घरी जाताना, म्हणजे साधारण तिसऱ्या दिवशी, ऑपरेशन झालेल्या पायाची गुडघा सरळ करण्याची ताकद ८० टक्क्यांहून अधिक घटलेली होती. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या एका अभ्यासात महिनाभरानंतरही ती ऑपरेशनपूर्वीच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी होती. हा स्नायू ऑपरेशनपूर्वीही काही फार बलवान नसतो, हे ध्यानात घेतलं तर आकडा आणखीच बोचतो.

डेलावेअरच्या त्याच अभ्यासात स्नायूची जाडीही मोजली होती. ती फक्त १० टक्क्यांच्या आसपास घटली होती. मांस जवळपास आहे तेवढंच असताना ताकद निम्म्याहून जास्त गेली. याचा अर्थ असा, की स्नायू वाळण्यापेक्षा मोठी भानगड आज्ञेची आहे. मेंदू सांगतो, पण स्नायूचे पुष्कळसे धागे ऐकतच नाहीत. सांध्याला सूज आली, त्यात द्रव साठला, की सांध्याच्या आवरणातल्या संवेदना मज्जारज्जूकडे धडाधड निरोप पाठवू लागतात आणि मज्जारज्जू मांडीच्या स्नायूकडे जाणारी आज्ञा परस्पर दाबून टाकतो. तारेत कुठे गडबड झाली की घरातला एमसीबी खाली पडावा, तसंच. पेशंटच्या इच्छाशक्तीचा यात काही दोष नसतो, आणि दुखत नसतानाही हे होतं. १९६५ पासून झालेल्या प्रयोगांमध्ये निरोगी गुडघ्यात नुसतं मिठाचं पाणी सोडलं तरी मांडी ढिली पडते, हे दिसलं आहे. गुडघ्याच्या वाटीला आतून सावरणाऱ्या भागाला ढिलं करायला अवघं २०-३० मिलिलिटर पुरतं. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यातली सूज त्यापुढे कितीतरी मोठी असते. आत साठलेल्या रक्ताचा मुद्दा इथे कामाला येतो.

हे एकदा ध्यानात आलं, की पहिल्या चार-सहा आठवड्यांतल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. ताकद गेली आहे म्हणून जास्त व्यायाम, असा सरळ हिशेब आपण करतो. घरी येणारे काही फिजिओही तोच करतात. पेशंट ओरडेपर्यंत गुडघा वाकवायचा, 'रडल्याशिवाय वाकत नाही' असं वर सांगायचं. पण डेन्मार्कमध्ये २०१४ साली ऑपरेशननंतर लगेच सुरू केलेला, चढत्या वजनांचा सात आठवड्यांचा कार्यक्रम साध्या व्यायामाशी ताडून पाहिला, तेव्हा चालण्याच्या क्षमतेत फरक पडला नाही. अमेरिकेत २०१७ साली चौथ्या दिवसापासून सुरू केलेला जोरकस व्यायाम सौम्य व्यायामापेक्षा सरस ठरला नाही. जोरकस व्यायामाने इजा होते असंही दिसलं नाही, पण सुरुवातीच्या दिवसांत एमसीबी खाली पडलेला असताना बटण कितीही दाबा, दिवा लागत नाही. आधी सूज उतरवा. बर्फ, पाय उंचावर, दिवसभरात थोडं थोडं चालणं आणि मधे विसावा. एकदम अर्धा तास चालून आल्यावर संध्याकाळी गुडघा फुगत असेल, तर ते चालणं जास्त झालं असं समजावं.

आपोआप गुडघा वाकवणारं यंत्र, ज्यावर पाय ठेवून पेशंट पेपर वाचत बसे, ते टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांच्या मूळच्या कल्पनेतून आलं. कल्पना हुशारीची होती. पण सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर गुडघेबदलात त्याचा फायदा दोनेक अंशांच्या वाकण्याएवढाच निघाला. दोन अंश म्हणजे काहीच नाही. यंत्र पाय हलवतं, मांडी मात्र झोपलेलीच राहते. याउलट कोलोरॅडोमधल्या संशोधकांनी २०१२ साली मांडीवर पट्ट्या चिकटवून विजेच्या सौम्य झटक्यांनी स्नायू आकुंचित करण्याचा प्रयोग ऑपरेशननंतर दोन दिवसांत सुरू केला, तर साडेतीन आठवड्यांनी ताकद स्पष्टपणे जास्त भरली आणि फायद्याचा काही अंश वर्षभर टिकला. यात वीज थेट स्नायूलाच मिळते, दाबून ठेवलेल्या आज्ञेवर अवलंबून राहावं लागत नाही. झटके सुखद नसतात, आणि आपल्याकडे हा उपाय अजून फारसा मागितला जात नाही. मागावा.

घरी की रुग्णालयात, हाही प्रश्न विचारला जातो. सिडनीत २०१७ साली गुंतागुंत नसलेल्या पेशंटांमध्ये रुग्णालयात दाखल राहून केलेलं पुनर्वसन आणि घरी केलेला कार्यक्रम यांची तुलना झाली. सहा महिन्यांनी चालण्याच्या चाचणीत फरक नव्हता. ज्यांच्या घरी पायाखाली सतरंज्या नाहीत, रात्री संडासाच्या वाटेवर दिवा आहे, कमोड आहे आणि जेवायला टेबलखुर्ची आहे, त्यांनी घरी जावं हे उत्तम.

घरातल्या गोष्टींपैकी एक मात्र जोर देऊन सांगण्यासारखी आहे, कारण ती मायेपोटी चुकते. गुडघ्याखाली उशी देऊ नका. दुखरा गुडघा थोडा वाकवून ठेवला की बरं वाटतं, म्हणून घरची माणसं हौसेने उशी, लोड, गुंडाळलेली चादर देतात, आणि दोन-तीन आठवड्यांत गुडघा त्याच कोनात आखडतो. दहा-पंधरा अंश वाकलेल्या गुडघ्यावर नुसतं उभं राहायलाही मांडीला अखंड काम करावं लागतं, त्यामुळे माणूस लवकर थकतो आणि लंगडतो. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्यावी, म्हणजे गुडघा आपल्या वजनाने सरळ होतो. सुरुवातीला गुडघा किती वाकतो यापेक्षा पूर्ण सरळ होतो का, हे मोलाचं. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो ते मात्र वाकण्याबद्दल.

त्याचंही गणित सोपं आहे. सपाटीवर चालायला साठ-पासष्ट अंश पुरतात, जिना चढायला ऐंशी-पंचाऐंशी, साध्या उंचीच्या खुर्चीतून उठायला नव्वदच्या थोडं वर. रोजच्या बहुतेक कामांना एकशे दहा भागतात. मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं याच्या बरंच पलीकडे आहे. काही जणांना ते जमतं, पण नव्या सांध्यावर त्याचा ताण पडतो, म्हणून बहुतेक डॉक्टर नको म्हणतात. आयुष्यभर पाटावर, जमिनीवर बसलेल्या माणसाला हे मनातून लागतं. सत्यनारायणाला बसायचं कसं, या प्रश्नाला खुर्ची हे उत्तर द्यायला अजून काही घरं तयार नसतात. जिन्याचा नियम सोपा : चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. उतरताना मागे उरलेला चांगला पाय शरीर तोलून धरतो, म्हणून असं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातलं रात्रीचं दुखणं, महिनोन्‌महिने हाताला लागणारी गुडघ्याची ऊब, जखमेच्या बाहेरच्या बाजूचा बधिर पट्टा, चालताना होणारा टक्‌टक्‌ आवाज, हे सगळं सहसा नेहमीचं. पोटरीत नव्याने आलेलं दुखणं किंवा सूज, अचानक धाप, ताप, जखमेतून येणारं पाणी यांसाठी मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

आणि वेळापत्रक? महिनाभराने मोजलं तर बहुतेक पेशंट चालण्यात, जिन्यात, खुर्चीतून उठण्यात ऑपरेशनच्या आधीपेक्षा वाईट असतात. ही ओळ ऑपरेशनच्या आधी प्रत्येकाला वाचून दाखवली पाहिजे. बारा आठवड्यांपर्यंत सुधारणा झपाट्याने होते, पुढे हळूहळू. सहा महिन्यांनी बरेच जण ऑपरेशनपूर्वीच्या ताकदीवर परत येतात, तेही न दुखता. पण त्यांच्याच वयाच्या, गुडघा न दुखणाऱ्या माणसांपेक्षा त्यांची मांडी तेव्हाही कमजोरच असते. गुडघेबदलानंतर पाचातला सुमारे एक पेशंट पूर्ण समाधानी नसतो, असं मोठ्या पाहण्यांतून दिसतं. कारणं अनेक आहेत, पण अपेक्षा आणि वेळापत्रक यांची चुकामूक हे त्यातलं एक मोठं कारण असावं.

म्हणूनच तयारी आधीपासून लागते. ज्याची मांडी ऑपरेशनपूर्वी बळकट, तो नंतरही पुढे राहतो. दुखतंय म्हणून पाच वर्षं टाळाटाळ करून, चालणं सोडून, मग वॉकरवर आलेल्या माणसाला नवा सांधा मिळतो, पण तो वापरायला मांडी उरलेली नसते. आपल्याकडच्या बायकांमध्ये हिमोग्लोबिन कमी असणं सर्रास आहे, ते आधी वाढवून घेणं ही तर साधी गोष्ट. घरातल्या चर्चा मात्र वेगळ्याच दिशेला जातात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा आणली, कोबाल्ट क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याची किंमत जीएसटी सोडून ५४,७२० रुपयांवर बांधली गेली. चांगला निर्णय. तरी दिवाणखान्यात अजून चर्चा चालते ती सांधा कुठल्या कंपनीचा, सोनेरी रंगाचा घ्यावा का, याचीच. डिस्चार्जनंतर तीन महिने मांडीकडे कोण बघणार, किती वेळा येणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हे पॅकेजच्या कागदावर सहसा नसतं, आणि विचारलंही जात नाही.

सहा आठवड्यांच्या तपासणीला डॉक्टर एक्स-रे पाहतात, जखम पाहतात, गुडघा वाकवून पाहतात. त्या वेळी एक मागणी करता येते. साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. पेशंटने दोन्ही हात छातीवर घडी करून बसावं आणि ३० सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येईल तितक्या वेळा बसावं. अमेरिकेतल्या पाहणीनुसार ६५ ते ६९ वयाच्या बायकांना साधारण ११ ते १६ वेळा जमतं. सहाव्या आठवड्यात आकडा त्याच्या बराच खाली असणार, काहींना हात न टेकता एकदाही उठता येणार नाही. आकडा वहीत लिहावा, ऑपरेशन झालेला पाय पुढे सरकवून सगळा भार चांगल्या पायावर टाकला जातो आहे का तेही कुणाला तरी बाजूने बघायला सांगावं, आणि दर महिन्याला पुन्हा मोजावं.